नानांची शिट्टी

परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आमच्याकडच्या पेशंटशी कसं वागावं, हे सांगणारी एक पत्रिका आमच्या फार्मसी कॉलेजने छापली आहे. ती मी लिहिली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी पकडायला नको.

प्राचार्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "पंचवीस वर्षं तुम्ही हॉस्पिटलच्या औषधखिडकीवर बसताय. पेशंटच्या मनात काय चाललंय ते तुमच्याइतकं कोणाला कळणार?" स्तुती केली की मी कामाला नाही म्हणत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. एका रविवारी बसून मी अठरा सूचना लिहून काढल्या. चारचौघांत आजाराचं नाव घेऊ नये. वडीलधाऱ्या माणसाला "समजलं का?" असं दोनदा विचारू नये, त्याला ते लागतं. आणि सातवी, माझी सगळ्यांत लाडकी: पेशंट वयस्कर असेल तर औषध त्याच्या घरातल्या जबाबदार माणसाला समजावून सांगावं, पेशंटची परीक्षा घेऊ नये. प्राचार्यांनी ती जाड, गुळगुळीत कागदावर छापून घेतली आणि तीन महिन्यांनी पाहुणी आली.

तिचं खरं नाव घेताना आमच्या काउंटरवरच्या क्लार्कची जीभ तीनदा अडखळली. चौथ्यांदा त्याने सरळ "पाहुणी" म्हटलं आणि तेच चिकटलं. तिकडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, सहा आठवडे आमच्या खिडकीवर शिकायला आली होती. आमची भाषा वर्षभर पुस्तकातून शिकून आलेली, त्यामुळे ती बोलायला लागली की कोणीतरी रेडिओवर बातम्या लावल्यासारखं वाटायचं. उंच, पायात अजिबात न वाजणारे बूट आणि छातीशी धरलेली एक निळी फाइल.

त्या फाइलीत दहा फॉर्म होते. एका फॉर्मवर एक पेशंट. पाहुणीने त्याला औषध समजावायचं, त्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं किंवा करून दाखवायचं, मग पेशंटची सही आणि खाली माझी. शेवटच्या शुक्रवारी सकाळी इथल्या नऊपर्यंत दहा फॉर्म मेलने तिच्या कॉलेजला पोचले तर ती पास, नाहीतर सगळं सत्र पुन्हा.

"आणि नऊ झाले तर?" मी विचारलं.

"नऊ आणि शून्य समानच आहेत, मॅडम," ती बातम्यांच्या आवाजात म्हणाली.

पहिल्या दिवशी तिच्यासमोर आले कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ. साखरेच्या गोळ्या न्यायला. पाहुणीने त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून सगळं नीट सांगितलं आणि मग म्हणाली, "आता आपण या गोळ्या कशा घेणार आहात, ते कृपया आपल्या शब्दांत मला पुन्हा सांगाल का?" मागे बारा माणसांची रांग. गृहस्थांनी पाहुणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. "मी तीस वर्षं बँकेत ऑडिटर होतो," एवढंच म्हणाले आणि गोळ्या तिथंच टाकून चालते झाले. त्या गोळ्या घेऊन मला फाटकापर्यंत पळावं लागलं. माझं वय काय, वजन काय, आणि मी पळतेय!

दुसऱ्या दिवशी एक बाई भावाची औषधं न्यायला आल्या.

"पेशंट कुठे आहेत?" पाहुणीने विचारलं.

"घरी."

"त्यांना घेऊन याल का?"

"त्याला आणता आलं असतं तर मी कशाला आले असते?" बाई म्हणाल्या, आणि रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

तिसऱ्या दिवशी तर कमाल झाली. आईला घेऊन मुलगा आला होता. पाहुणी आईला विचारतेय आणि उत्तर मुलगा देतोय. शेवटी पाहुणी अगदी नम्रपणे म्हणाली, "मी आपल्या आईंना विचारते आहे." मुलगा भडकला. आपल्या लेकराला कोणी परकी पोरगी गप्प करते म्हणून आई त्याच्याहून जास्त भडकली. प्राचार्यांपर्यंत तक्रार गेली.

तीन आठवडे झाले आणि फाइलीत शून्य फॉर्म. म्हणजे एक होता, पण तो आमच्या क्लार्कने दया येऊन स्वतःच्या ॲसिडिटीवर भरून दिला होता. तो मी फाडला.

"पत्रिका वाचलीस ना?" मी तिला फैलावर घेतलं.

"पाठ आहे, मॅडम. परंतु सातवी सूचना आणि माझा फॉर्म एकत्र राहू शकत नाहीत."

"मग फॉर्म बदल."

"फॉर्म माझ्या कॉलेजचा आहे."

"आणि पत्रिका माझी आहे!" मी म्हणाले, आणि तो विषय तिथंच संपला. निदान मला तसं वाटलं.

पाहुणी राहायला आमच्याच घरी होती. मुलगी नोकरीला लांब गेल्यापासून वरची खोली रिकामीच होती. खाली आम्ही दोघं आणि माझे सासरे, नाना. नाना जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, वय एक्क्याऐंशी. कंबरेत ताठ, कपाटात जुने नकाशे, खिशात वही. त्यांना चार वर्षांपासून दम्याचा त्रास. घरात नाना कुठे आहेत हे शोधावं लागत नाही, खोकल्यावरून कळतं. बारीक खोकला म्हणजे टेबलाशी, मोठा म्हणजे अंगणात, आणि बराच वेळ न थांबणारा म्हणजे पायऱ्या चढायचा प्रयत्न केला होता. वरच्या खोलीत ते चार वर्षांत गेले नव्हते. "वय झालं," असं ते म्हणायचे. आम्हीही तेच म्हणायचो.

पाहुणीचं आणि त्यांचं मात्र मेतकूट जमलं. संध्याकाळी ती त्यांच्या टेबलाशी बसायची आणि नाना तिला नकाशा वाचायला शिकवायचे. एकदा तर तासभर ब्लेडने पेन्सिलीला टोक कसं काढायचं, हे चाललं होतं. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. चेहरा उजळलेला, बोटाला चिकटपट्टी.

"मॅडम, नाना कोणाला काही सांगायला लागले की खोकतसुद्धा नाहीत! त्यांना शिकवायला किती आवडतं!"

"शिकवायला कोणाला आवडत नाही? मला बघ."

ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मला वाटलं, टोमणा कळला नाही. पण तिच्या डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर एक काका आले. रक्तदाबाची गोळी. पाहुणीने पाकीट पुढे केलं आणि पहिल्यांदाच बातम्या सोडून माणसासारखी बोलली. "काका, मी इथं नवीन आहे. मला इथलं काही कळत नाही. ही गोळी तुम्ही घरी कशी घेता, मला शिकवाल?"

काकांनी हातातली पिशवी खाली ठेवली. चष्मा पुसला. आणि पंधरा मिनिटं शिकवलं! कोणत्या ग्लासात पाणी घ्यायचं इथपासून. त्यात असं निघालं की गोळी मोठी लागते म्हणून ते तिचे दोन तुकडे करतात, आणि ती गोळी तर मुळीच तोडायची नसते, तोडली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. पाहुणी म्हणाली, "अरे वा, आणि आमच्याकडे ही अख्खी गिळतात, कारण..." काकांनी ते कारण ऐकून घेतलं, जणू दोन जाणकार माणसं आपापल्या गावची पद्धत एकमेकांना सांगताहेत. शिकवून झाल्यावर सहीसुद्धा ऐटीत केली.

मग काय विचारता, रांगेत चढाओढ लागली. एक मावशीबाई स्वतःहून म्हणाल्या, "ये गं, तुला डोळ्यांत थेंब घालायचे शिकवते," आणि सगळे थेंब गालावर घालून दाखवले. इस्त्रीच्या शर्टातले ऑडिटरही परत आले आणि त्यांनी तिला शिकवताना कागदावर तक्ता काढून दिला. मी शेजारी बसून बघत होते आणि आतून थोडी जळत होते. इतक्या चुका! ही सगळी मंडळी पूर्वी दुसऱ्या कुठल्या तरी दुकानातून औषधं घेत असणार, असं मी स्वतःला बजावलं.

शेवटच्या मंगळवारपर्यंत नऊ फॉर्म झाले. दहावा अडला. तो श्वासातून ओढायच्या औषधाचाच हवा होता, आणि छातीचे डॉक्टर पुढच्या सोमवारपर्यंत रजेवर. त्यांचा दवाखाना बंद, तर खिडकीवर तसले पेशंट येणार कुठून? पाहुणी दोन दिवस दाराकडे डोळे लावून बसली. कोणी साधं शिंकलं तरी उठून उभी राहायची.

गुरुवारी दुपारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, घरात हिरा असताना आपण खडे कशाला शोधतोय? नाना! चार वर्षांत त्यांनी एक डोस चुकवलेला नाही. वहीत वेळ लिहून ठेवतात, मिनिटासकट. सकाळी सहा चाळीस, संध्याकाळी सहा चाळीस. आणि समजावलंय कोणी? मी! तुझा फॉर्म असा होईल की तुमचे प्राध्यापक चौकट करून भिंतीवर लावतील."

संध्याकाळी साडेसहालाच आम्ही सगळे नानांच्या टेबलाभोवती जमलो. माझा नवराही ऑफिसातून लवकर आला, वडिलांचं कौतुक बघायला. टेबलावर वही, कॅप्सूलची डबी, पाण्याचा ग्लास आणि मऊ कापडात गुंडाळलेलं ते छोटं यंत्र. नाना त्याला शिट्टी म्हणतात. चार वर्षं वापरूनही नव्यासारखं चकचकीत.

"नाना, मला शिकवाल?" पाहुणीने विचारलं.

"हो तर. नीट बघ हं, मुली." नानांनी घड्याळाकडे पाहिलं. सहा चाळीस झाले. "आधी कॅप्सूल." त्यांनी डबीतून कॅप्सूल काढली, जिभेवर ठेवली आणि घोटभर पाण्याबरोबर गिळून टाकली. "मग तीन मिनिटं थांबायचं." थांबले. "आता शिट्टी." रिकामी शिट्टी कापडाने पुसली, उघडून आत बघितलं, बंद केली, ओठांत धरली आणि डोळे मिटून जोरात हवा ओढली. "झालं. आता वेळ लिहायची."

नानांनी वही ओढली आणि वेळ लिहिली.

ती कॅप्सूल गिळायची नसते. ती त्या यंत्रात घालायची, बाजूची बटणं दाबून तिला भोकं पाडायची आणि आतली पूड श्वासाबरोबर छातीत ओढायची. पोटात गेली तर छातीला तिचा काही उपयोग नाही. नाना चार वर्षं औषध गिळत होते आणि हवा ओढत होते. दिवसातून दोनदा, न चुकता.

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे. मला चार वर्षांपूर्वीची ती दुपार जशीच्या तशी आठवली. खिडकीवर गर्दी, रांगेबाहेर हा उभा, आणि जाळीतून डबी देताना मी अर्ध्या मिनिटात त्याला सांगितलेलं. घरी येऊन त्याने ते अर्ध्याच्या अर्ध्या मिनिटात, बूट घालता घालता, नानांना सांगितलं असणार. नानांनी मान हलवली असणार. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे हाच जायचा त्यांच्याबरोबर. "औषध घेतात का?" "अगदी नियमित!" डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला होता. घरातल्या जबाबदार माणसाला समजावून सांगावं, पेशंटची परीक्षा घेऊ नये. जाड, गुळगुळीत कागदावर.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

पाहुणीच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "फार छान शिकवलंत, नाना," ती म्हणाली. पेनाला टोपण लावलं, फाइल मिटली आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"मॅडम, मी हा फॉर्म भरणार नाही."

"का?"

"त्यात एक रकाना आहे. हे औषध यापूर्वी कोणी समजावलं. तिथं तुमचं नाव येईल. आणि चूक आढळली असं लिहिलं तर सहीच्या वेळी नाना ते वाचतील. वडीलधाऱ्यांची चूक चारचौघांत काढू नये. तुमची अकरावी सूचना. तुम्ही त्यांना नंतर, एकटे असताना, हळूच सांगा. मी कॉलेजला कळवते की दहावा पेशंट मिळाला नाही."

"आणि तुझं सत्र?"

"सत्र पुन्हा करता येतं," ती म्हणाली. आवाज बातम्यांचा होता, पण डोळे भरून आले होते.

माझं काय झालं ते खरं सांगते. आधी लाजेने जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं. आणि मग माझा असा काही संताप झाला की विचारू नका. "अगं शहाणे, सहा आठवडे मी तुला रीतभात शिकवतेय, तेव्हा कोरडी राहिलीस! आणि आता नको तिथं शिकलीस? माझी लाज झाकायला तू नापास होणार? माझी पत्रिका घाल चुलीत!"

बाहेरून नानांचा खोकला आला. बारीक, टेबलाशी असल्याचा. तो खोकला मी चार वर्षं ऐकत होते, आणि तो मला त्या क्षणापर्यंत एकदाही ऐकू आला नव्हता. फार्मासिस्ट म्हणे!

मी छातीच्या डॉक्टरांना रजेवर असतानाच फोन लावला. ते म्हणाले, आजची कॅप्सूल पोटात गेलीय तर आज काही नको, उद्या सकाळपासून पूर्वीचा कमी डोस सुरू करा, आणि या वेळी समोर बसून. मग मी बाहेर गेले आणि नानांच्या समोरची खुर्ची ओढली. सव्वीस वर्षं या घरात आहे, पण त्या टेबलाशी त्यांच्या समोर मी कधी बसले नव्हते.

"नाना, मोठी चूक झालीय. आणि ती माझी आहे. मी तुम्हाला हे कधी दाखवलंच नाही." आणि सगळं सांगितलं. नवरा मध्ये "म्हणजे मीसुद्धा..." असं काहीतरी म्हणायला लागला, त्याला मी डोळ्यांनी गप्प केलं. त्याचा हिशोब नंतर.

नानांनी शिट्टी उघडली. आतल्या त्या कॅप्सूलच्या आकाराच्या खाचेवरून बोट फिरवलं. "तरीच," ते म्हणाले. "ही जागा कशाची, असं मला वाटायचं."

"मग विचारलं का नाहीत, नाना?"

"घरात फार्मासिस्ट असताना विचारायचं कसं? तुला वाटलं असतं, माझ्यावर विश्वास नाही यांचा."

मी त्यांचा मान राखत होते आणि ते माझा राखत होते, आणि त्या सगळ्या मानापानात त्यांचा श्वास अडकला होता. मला रडू आलं. लपवलं वगैरे नाही.

"रडतेस काय?" नाना म्हणाले. "मोजणी चुकीच्या दगडापासून सुरू केली की पुढचं सगळं शेत चुकतं. पुन्हा मोजायचं, दुसरं काय? पोरीचा फॉर्म किती वाजेपर्यंत जायचाय?"

शुक्रवारी सकाळी सहा चाळीसला कॅप्सूल खाचेत गेली. बटणं दाबली, टक्क. "आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा, नाना. आता ओढा." त्यांनी ओढला, आणि शिट्टीच्या आत कॅप्सूल भिंगरीसारखी घरघरली. नानांनी डोळे मोठे केले. दहा आकडे होईपर्यंत श्वास धरला, सोडला, चूळ भरली, आणि मग पाहुणीला म्हणाले, "आता तू गप्प बस. मी तुला शिकवतो." पहिल्यापासून शेवटपर्यंत, आपल्या शब्दांत. एकही पायरी चुकली नाही. फॉर्म भरताना पाहुणीने त्या रकान्यावर हळूच हात ठेवला. मी तिचा हात उचलून बाजूला केला आणि स्वतः लिहिलं: सून, फार्मासिस्ट, खिडकी क्रमांक तीन, घाईत. नानांनी फॉर्म अक्षर न अक्षर वाचला, "घाईत"खाली पेन्सिलीने एक रेघ मारली आणि सही केली. आठ वाजून दहा मिनिटांनी तो तिच्या कॉलेजला पोचला.

पाहुणी पास होऊन गेली. जाताना नानांनी तिला टोक काढलेल्या बारा पेन्सिली दिल्या. प्राचार्य आता पत्रिकेची नवी आवृत्ती मागताहेत, आणि मी सातव्या सूचनेपाशी येऊन अडले आहे.

परवा संध्याकाळी खिडकीवरून घरी आले तर घरात एकदम शांतता. टेबलाशी खोकला नाही, अंगणात नाही. "नाना! नाना!" हाका मारत सगळं घर पालथं घातलं, आणि शेवटी धावत वर गेले. नाना पाहुणीच्या रिकाम्या खोलीत खिडकीशी उभे होते आणि वहीत काहीतरी लिहीत होते.

"बावीस पायऱ्या," ते म्हणाले. "एकदाच थांबलो. पण तू का धापा टाकतेयस?"

"खोकला ऐकू आला नाही म्हणून घाबरले," मी म्हणाले.

नानांनी वही मिटून खिशात ठेवली. "एवढंच ना? उद्यापासून वर आलो की तुझ्यासाठी एकदा खोकत जाईन."